पेशंटला गार का ठेवलं होतं? वाचकांचे प्रश्न, आयसीयूतून उत्तरं

मागच्या अंकात मी सहज चार ओळी लिहिल्या होत्या, की ताप उतरवणं आणि शरीर गार करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या महिन्याचं सदर त्यालाच देऊन टाकतेय. जे प्रश्न परत परत आले तेवढेच घेतलेत, नावं छापत नाहीये. आणि आधीच सांगते, तुमच्या पेशंटवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना पेशंट दिसतोय, मला फक्त तुमचं पत्र दिसतंय, त्यामुळे इथलं वाचून तिकडचा उपचार बदलायचा नाही, वाचून तिथे प्रश्न विचारायचे.

प्रश्न: माझ्या बाबांचं (वय 61) सकाळी फिरायला गेलेले असताना हृदय बंद पडलं. बागेतल्या एका मुलाने छाती दाबत ठेवली म्हणून ते हॉस्पिटलपर्यंत पोचले. तिथे त्यांना बेशुद्ध ठेवून अंगाला गार पाण्याच्या गाद्या गुंडाळल्या होत्या. हात लावला तर एकदम बर्फ. आईने चादर घातली तर सिस्टर ओरडल्या आणि चादर काढून टाकली, आईला ते अजून विसरता येत नाही. बाबा आता घरी आहेत, बरे आहेत. पण सहा महिन्यांनी आमच्या चुलत सासऱ्यांना तसंच झालं तेव्हा दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलने गार केलंच नाही, म्हणाले फक्त ताप येऊ देणार नाही. मग बरोबर कोण? – एक मुलगी, कोल्हापूर

उत्तर: ताई, दोघंही बरोबर असू शकतात, आणि का ते समजायला जरा मागे जावं लागेल.

हृदय थांबलं की मेंदूचा रक्तपुरवठा थांबतो आणि चार-पाच मिनिटांत इजा सुरू होते, हे बहुतेकांना माहीत असतं. पण हृदय परत चालू झाल्यावरही ती इजा थांबत नाही, हे फारसं कोणी सांगत नाही. रक्त परत आल्यावर पेशींमध्ये एक वेगळीच घालमेल सुरू होते, सूज येते, आणि हे पुढचे कित्येक तास, कधी दोन-तीन दिवस चालतं. त्यात अंगात ताप भरला तर मेंदूची भूक वाढते आणि नुकसानही वाढतं. शरीर एक अंश सेल्सियसने गार केलं की मेंदूचा ऑक्सिजनचा खर्च साधारण 6-7 टक्क्यांनी कमी होतो. कल्पना इतकी साधी आहे.

2002 साली दोन अभ्यास एकदमच छापून आले, एक युरोपातला, व्हिएन्नाच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेला, 275 पेशंटचा, आणि एक मेलबर्नचा, 77 पेशंटचा. हृदय बंद पडून परत चालू झालेल्या पण शुद्धीवर न आलेल्या लोकांना 32 ते 34 अंशावर ठेवलं, म्हणजे आपल्या फॅरनहाइटमध्ये 90 ते 93. युरोपातल्या अभ्यासात गार केलेल्यांपैकी 55 टक्के लोक स्वतःचं स्वतः करू शकतील इतके बरे झाले, गार न केलेल्यांत 39 टक्के. त्यानंतर जगभर आयसीयूत कूलिंग सुरू झालं.

मग 2013 साली 900 हून जास्त पेशंटवर 33 आणि 36 अंशाची तुलना झाली आणि काहीच फरक दिसला नाही. 2021 साली त्याच गटाने अजून मोठा अभ्यास केला, 1800 हून जास्त पेशंट, एका बाजूला 33 अंश आणि दुसऱ्या बाजूला गार न करता फक्त 37.8 च्या वर ताप जाऊ द्यायचा नाही, तरीही फरक नाही. असं कसं झालं? माझ्या मते उत्तर 2002 च्याच अभ्यासात होतं. तेव्हा ज्यांना गार केलं नव्हतं त्यांच्या तापाकडेही कोणी फार लक्ष दिलं नव्हतं, त्यातले बरेच जण तापत राहिले. म्हणजे फायदा गारव्याचा होता की ताप नसण्याचा हे तेव्हा वेगळं करताच आलं नव्हतं.

त्यात 2019 चा फ्रान्समधला एक अभ्यास आहे जो उलट दिशेला जातो, ज्यांच्या हृदयाला शॉक देऊन चालू करता येत नाही अशा प्रकारचं बंद पडणं, त्यात 33 अंशावर ठेवलेल्यांपैकी 10.2 टक्के चांगले बरे झाले आणि 37 वाल्यांपैकी 5.7 टक्के. म्हणून डॉक्टरांत अजून मतभेद आहेत, काही जण 33 करतात, काही 36, आणि बरेच जण आता फक्त ताप रोखतात. ज्याच्यावर सगळ्यांचं एकमत आहे ते एवढंच की हृदय परत चालू झालं तरी पेशंट शुद्धीवर आला नसेल तर पहिले काही दिवस ताप, म्हणजे आपल्या 100 च्या वरचं तापमान, येता कामा नये. तुमच्या चुलत सासऱ्यांच्या हॉस्पिटलने हे मन लावून केलं असेल तर त्यांनी काही कमी केलेलं नाही. पण "ताप येऊ देणार नाही" म्हणजे दर सहा तासांनी काखेत थर्मामीटर लावून चार्टवर लिहिणं नव्हे हं, सतत मोजणारा सेन्सर आणि ताप चढायला लागला की लगेच काहीतरी करणारं माणूस, दोन्ही पाहिजे.

आता चादरीचं. मशीन गाद्यांतलं पाणी गरम-गार करून पेशंटला एका ठरलेल्या अंशावर धरून ठेवत असतं, वरून चादर घातली की उष्णता अडकते, मशीनला जास्त गार पाणी सोडावं लागतं आणि सगळं मागे-पुढे होतं, म्हणून सिस्टरनी काढली. काढली हे बरोबर. पण ओरडल्या हे अजिबात बरोबर नाही. नवऱ्याचा हात बर्फासारखा लागला तर कुठलीही बाई चादरच घालेल, तिला आधी एक मिनिट बसवून सांगायला हवं होतं की आम्ही मुद्दाम गार ठेवलंय, हात धरा, बोला त्यांच्याशी, फक्त पांघरूण घालू नका. हे सांगणं औषधाइतकंच आमचं काम आहे असं मी माझ्या युनिटमध्ये सगळ्यांना सांगते. आईंना माझ्याकडून सांगा की त्यांच्या चादरीने बाबांचं काही बिघडलं नव्हतं.

आणि एक, ज्यांच्या घरी आत्ता या क्षणी असा पेशंट असेल त्यांच्यासाठी. गार शरीरात झोपेची औषधं फार हळू बाहेर पडतात. दुसऱ्या दिवशी पेशंट डोळे उघडत नाही म्हणून "आता काही उरलं नाही" असं कोणी म्हणत असेल तर विचारा, की झोपेचं औषध बंद करून किती तास झाले, शरीर नॉर्मल तापमानाला कधी आलं? नॉर्मलला आल्यावर निदान 72 तास झाल्याशिवाय असा अंदाज बांधायचा नसतो. आणि त्या बागेतल्या मुलाला शोधून भेटा. कूलिंगचा फायदा-तोटा आम्ही दोन टक्के-पाच टक्के करत भांडतो, त्याने तुमच्या बाबांना जे दिलं ते कुठलंही मशीन देत नाही.

प्रश्न: मॅम, मी आयसीयूला नवीन जॉईन झालेय. कूलिंगवरच्या पेशंटला एवढी हुडहुडी का भरते, आणि काखेतलं टेम्परेचर का चालत नाही? सिनियर सांगतात पण घाईत. – एक स्टाफ नर्स, नाशिक

उत्तर: मेंदूत एक थर्मोस्टॅट आहे आणि तो आपल्याला विचारून चालत नाही. तू शरीर गार करायला लागलीस की तो आधी हातापायाच्या रक्तवाहिन्या आवळतो आणि तेवढ्याने भागलं नाही की स्नायू थरथरवून उष्णता तयार करतो. त्यात ऑक्सिजनचा खर्च दुप्पट किंवा त्याहूनही जास्त होतो, म्हणजे ज्या मेंदूला आराम द्यायला गार केलं त्याच शरीराला तू पळायला लावलंस! म्हणून हुडहुडी दिसली की वाट बघायची नाही. सुरुवात जबड्यापासून आणि छातीपासून होते, छातीवर हात ठेवलास तर डोळ्यांना दिसायच्या आधी हाताला कळते, मॉनिटरवर ईसीजीची रेघ खरबरीत दिसायला लागते. गंमत अशी की पहिला उपाय गरम करणं हाच आहे, तळहात-तळपाय गरम ठेव, मोजे घाल, कारण थर्मोस्टॅटला बरीचशी बातमी कातडीकडून जाते. मग मॅग्नेशियम, पेथिडीन, झोपेचं औषध, हे डॉक्टर ठरवतील. स्नायू ढिले करणारं औषध शेवटी, कारण त्यात फिट आली तरी बाहेरून दिसत नाही.

काख कातडीचं सांगते, आणि कातडी तर आपणच गार केलेली असते. आतलं तापमान अन्ननलिकेतल्या प्रोबने किंवा लघवीच्या नळीतल्या सेन्सरने मोजायचं, आणि पेशंटला लघवीच होत नसेल तर नळीचा सेन्सर मागे पडतो हेही लक्षात ठेव.

अजून एक, जे मला पुस्तकातून नाही तर एका जुन्या सिस्टरकडून कळलं. पेशंटचं तापमान तर ठरल्याप्रमाणे एकदम सरळ चाललंय पण मशीनच्या पाण्याचं तापमान दर तासाला खाली खाली जातंय, तर समजायचं की पेशंटला आतून ताप चढायला बघतोय आणि मशीन तो झाकतंय. छाती बघ, लाइन म्हणजे शिरेतली नळी बघ, डॉक्टरांना बोलाव. कूलिंगमध्ये न्यूमोनिया लपून बसतो. म्हणून चार्टवर पेशंटच्या शेजारी पाण्याचा आकडाही लिहीत जा.

आणि परत गरम करताना सगळ्यात जास्त सांभाळायचं, तासाला पाव ते अर्धा अंश, त्याहून जास्त नाही. गार असताना पोटॅशियम पेशींच्या आत शिरतं म्हणून रिपोर्टमध्ये कमी दिसतं, ते आपण भरभरून दिलं तर गरम होताना सगळं बाहेर येतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. साखरेवरही लक्ष, आणि गाद्यांखालची कातडी उचलून बघायला विसरू नकोस.

प्रश्न: माझ्या बहिणीचं बाळ जन्मल्यावर रडलंच नाही. त्याला तीन दिवस गार गादीवर ठेवलं होतं. आता बाळ आठ महिन्यांचं आहे आणि कोणीतरी पाठवलं की भारतातच झालेल्या अभ्यासात या उपचाराने जास्त बाळं दगावली. बहीण रात्र रात्र रडते की आपण सही का केली. – मावशी, सातारा

उत्तर: बहिणीला हे वाचून दाखवा, आणि सावकाश वाचा.

जन्मताना ऑक्सिजन कमी पडून मेंदूला इजा झालेल्या बाळांवर हा उपचार आहे, दिवस पूर्ण भरलेली किंवा निदान 36 आठवड्यांची बाळं, जन्मापासून सहा तासांच्या आत सुरू करायचा, 33 ते 34 अंशावर 72 तास, आणि मग तासाला अर्धा अंश असं हळूहळू गरम करायचं. श्रीमंत देशांत मुख्यतः 2005 पासून यावर अभ्यास झाले, 2013 पर्यंत 11 अभ्यासांतली 1505 बाळं एकत्र मोजली तेव्हा साधारण सात बाळांना गार केलं की एक बाळ मृत्यू किंवा मोठ्या अपंगत्वापासून वाचतं असं निघालं. वैद्यकशास्त्रात सातात एक म्हणजे फार मोठी गोष्ट आहे. जगभर हाच उपचार झाला, आपल्याकडेही आला. महागडं मशीन परवडत नाही म्हणून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी एका ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या पदार्थाच्या गादीवर काम केलं, जी वीज नसतानाही बाळाला एका अंशावर धरते. अतिशय चांगलं काम आहे ते.

तुम्हाला कोणी पाठवला तो हेलिक्स नावाचा अभ्यास, 2021 मध्ये आला. भारत, श्रीलंका आणि बांगलादेश मिळून सात हॉस्पिटलं, 408 बाळं, आपलं मुंबईचं सायन हॉस्पिटलही त्यात होतं. गार केलेल्यांत मृत्यू 42 टक्के आणि न केलेल्यांत 31 टक्के. मृत्यू आणि अपंगत्व एकत्र धरलं तर 50 आणि 47, म्हणजे फायदा काहीच नाही. अभ्यास नीट झालेला आहे आणि तो आवडला नाही म्हणून बाजूला सारता येत नाही, मीही पहिल्यांदा वाचला तेव्हा दोन दिवस अस्वस्थ होते.

असं का व्हावं? काही तज्ज्ञांचं म्हणणं आहे की आपल्याकडच्या बऱ्याच बाळांची इजा प्रसूतीच्या त्या शेवटच्या काही मिनिटांतली नसते, आईच्या पोटातच किंवा लांबलेल्या कळांमध्ये तासन् तास थोडा थोडा ऑक्सिजन कमी पडलेला असतो, मग सहा तासांची जी संधी म्हणतात ती जन्मायच्या आधीच निघून गेलेली असते. त्यात आईचं कुपोषण, रक्त कमी असणं, इन्फेक्शन. त्यामुळे आपल्याकडे या उपचारावर मतभेद आहेत, काही युनिट्सनी थांबवला, काही बाळं नीट निवडून, व्हेंटिलेटर आणि सगळी सोय असेल तरच करतात.

आता बहिणीच्या सहीचं. ज्या क्षणी तिने सही केली त्या क्षणी तिच्या समोर न रडलेलं बाळ होतं आणि सहा तासांचं घड्याळ चालू होतं, डॉक्टरांनी त्यांच्या माहितीप्रमाणे चांगलं वाटलं ते सांगितलं आणि तिने बाळासाठी हो म्हटलं. अभ्यासातला आकडा शेकडो बाळांचा असतो, तो तिच्या एका बाळाबद्दल काहीही सांगत नाही, आणि तिचं बाळ तर आठ महिन्यांचं होऊन समोर खेळतंय. तिने अपराधी वाटून घेऊ नये, कृपा करून. त्यापेक्षा आता एक काम करा, बाळाचा फॉलो-अप चुकवू नका. मान कधी धरली, आधाराशिवाय बसतं का, दोन्ही हात सारखे वापरतं का की एकच, आवाजाकडे वळतं का, डोकं वयाप्रमाणे वाढतंय का, हे सगळं बालविकास बघणाऱ्या डॉक्टरांकडून निदान दोन वर्षांचं होईपर्यंत तपासून घ्यायचं. काही मागे राहत असेल तर लवकर सुरू केलेल्या थेरपीचा खूप उपयोग होतो.

प्रश्न: सिझेरियनच्या वेळी मी इतकी थडथड उडत होते की बाळाला धरता येईना. सगळे म्हणाले घाबरलीस. मी घाबरले नव्हते. – पुणे

उत्तर: विश्वास आहे तुझ्यावर. कमरेत इंजेक्शन दिलं की खालच्या अंगाच्या रक्तवाहिन्या उघडतात, पोटातली ऊब पायांकडे वाहून जाते, वरून ऑपरेशन थिएटरचा एसी आणि गार सलाईन, आतलं तापमान पहिल्या तासात एक अंशाने सहज उतरतं आणि मग वरचं अंग थरथरतं. भीतीशी संबंध नाही. पुढच्या वेळी भूलतज्ज्ञांना आधीच सांग, गरम हवेचं ब्लँकेट आणि कोमट केलेलं सलाईन मागता येतं. पूर्वी ऑपरेशनमध्ये पेशंट गार पडला तर काय एवढं असं म्हणायचे, पण 1996 साली आतड्याच्या ऑपरेशनच्या 200 पेशंटच्या अभ्यासात गार पडलेल्यांत जखमेचं इन्फेक्शन 19 टक्के आणि उबदार ठेवलेल्यांत 6 टक्के निघालं. नंतर 2022 मध्ये पाच हजारांहून जास्त पेशंटच्या अभ्यासात 35.5 आणि 37 मध्ये फरक दिसला नाही, म्हणजे थोडंसं गार पडल्याने आभाळ कोसळत नाही, पण आईला बाळ छातीशी धरता आलं पाहिजे, माझ्या दृष्टीने तेवढं कारण पुरेसं आहे.

प्रश्न: मे महिन्यात आमच्या साइटवर एक मजूर दादा दुपारी बरळायला लागला आणि पडला. अंग भट्टीसारखं. आम्ही तोंडात पॅरासिटामॉल कोंबलं, कांद्याचा रस लावला, गाडी मिळेपर्यंत पाऊण तास गेला. तो वाचला नाही. काय करायला हवं होतं? – एक सुपरवायझर, चंद्रपूर

उत्तर: दादा, तुम्ही विचारताय म्हणजे ते तुमच्या मनात अजून आहे. जे माहीत होतं ते तुम्ही केलंत. आता पुढच्या उन्हाळ्यासाठी सांगते, आणि हे साइटवर लावून ठेवा.

तापात मेंदूच थर्मोस्टॅट वर करतो, पॅरासिटामॉल तो खाली आणतं. उष्माघातात थर्मोस्टॅट जागेवरच असतो, शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नाहीये, म्हणून पॅरासिटामॉलचा काडीचा उपयोग नाही आणि तापलेल्या लिव्हरला त्रास मात्र होऊ शकतो. आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात गोळी, पाणी, काहीही घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं.

उन्हात काम करणारा माणूस बरळतोय, झोकांड्या देतोय, फिट येतेय आणि अंग चटका बसेल इतकं गरम, तर तो उष्माघात धरायचा, घाम येत असला तरी! कष्टाचं काम करणाऱ्याला घाम येत असतानाही उष्माघात होतो. आतलं तापमान 40 च्या, म्हणजे 104 च्या वर गेलेलं असतं आणि ते किती मिनिटं तिथे राहतं यावर सगळं ठरतं. म्हणून 108 ला फोन लावा आणि गाडीची वाट न बघता तिथेच गार करायला लागा. पहिला अर्धा तास सोन्याचा. सावलीत घ्या, कपडे काढा, अंगावर पाणी ओतत राहा आणि जोरात वारा घाला, पंखा, कूलर, पुठ्ठा, जे असेल ते. चंद्रपूर-नागपूरच्या कोरड्या हवेत ओलं अंग आणि वारा हा उपाय फार छान चालतो, कोकणात किंवा मुंबईत दमट हवेत तेवढा चालत नाही, तिथे बर्फाचं पाणीच लागतं. बर्फ असेल तर कापडात गुंडाळून मान, काखा, जांघा. साइटवर मोठं टाकं किंवा टब असेल आणि माणूस धडधाकट वयाचा असेल तर मानेपर्यंत गार पाण्यात बसवणं हे सगळ्यात वेगवान, पण डोकं धरायला एक माणूस सतत पाहिजे. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया हॉस्पिटलमध्ये 2024 साली असेच बर्फाच्या पाण्याचे टब ठेवून उष्माघाताचा वेगळा विभागच सुरू केला.

हॉस्पिटलमध्ये आम्ही आतलं तापमान मोजत मोजत 39 च्या आसपास आलं की थांबतो, नाहीतर शरीर त्याच झोकात खाली घसरतं आणि मग उलटं गरम करावं लागतं. तुमच्याकडे ते मोजायची सोय नाही, तर माणूस नीट बोलायला लागला किंवा कुडकुडायला लागला की पाणी थांबवा आणि गाडीत घाला. खिशात कांदा ठेवायची आपल्याकडची रीत आहे, ठेवा, पण त्याच्यावर विसंबू नका, मे महिन्यात दुपारी बारा ते चार काम बंद ठेवण्यासाठी मालकाशी भांडा. मी लिहून देते पाहिजे तर, संपादकांकडून माझा पत्ता घ्या.

प्रश्न: मुलाला 102 ताप असला की सासूबाई कपाळावर मिठाच्या गार पाण्याच्या पट्ट्या ठेवतात, मी ओरडते. कोण बरोबर? – सोलापूर

उत्तर: कपाळावर एक ओली पट्टी ठेवल्याने मुलाला बरं वाटत असेल तर ठेवू द्या त्यांना, त्यात त्यांची माया आहे, मीठ घातलं काय न घातलं काय. पण बर्फाच्या पाण्याने सगळं अंग पुसायचं नाही, मूल कुडकुडतं आणि ताप उलट चढतो, शिवाय ते बिचारं रडतं. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, किलोला 15 मिलिग्रॅम, दोन डोसमध्ये निदान चार ते सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. बाटलीवर किती एमएलमध्ये किती मिलिग्रॅम ते दरवेळी वाचा, कारण ड्रॉप्स आणि सिरप वेगळे असतात आणि चुका तिथेच होतात. पाणी पाजत राहा, अंगावर एक सुती कपडा पुरे. आणि बाळ तीन महिन्यांपेक्षा लहान असेल आणि ताप 100.4 किंवा वर असेल तर पट्टीही नको आणि वाटही बघायची नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठायचा.